दर्यावर्दी घरांतील मुलांसाठी समुद्रविज्ञान

कोकणातील आपल्या बोटमालक बांधवांना आम्ही विचारतो, मुलगा बी.एस्सी. झाला की आखाती नोकरीखेरीज दुसरे काही का सुचत नाही? हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था उपग्रहाद्वारे समुद्राचे तापमान व पाण्यातील हरितद्रव्य पाहून मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे ते कळवते. जाळे नेमके कोठे टाकावे हे कळले, तर तांडेलाची वणवण आणि डिझेल दोन्ही वाचते. अशी माहिती तयार करणाऱ्यांत आपली मुले का नसावीत?

अलिगढला शिकलेले मरहूम डॉ. सय्यद जहूर कासिम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. १९८१ साली गोव्याहूनच अंटार्क्टिकाला निघालेल्या पहिल्या भारतीय मोहिमेचे नेतेही तेच.

विज्ञान पदवीधरास गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाची एम.एस्सी. करता येते. इंजिनिअर मुलास 'गेट' परीक्षा देऊन मद्रास आय.आय.टी.त महासागर अभियांत्रिकीचे एम.टेक. करता येते. रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय तर घरचेच. मात्र कॉमर्सकडून इकडे वाट नाही. अकरावीचा फॉर्म भरतानाच ठरवावे लागेल.