कॉर्व्हेट ‘किती देते’?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाने शेव्हरोले कॉर्व्हेट घेतली, की पुण्याहून आलेले काका आधी विचारणार, ‘किती देते?’ आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगून टाकणार, ‘चार-पाच देत असेल. तेही उतारावर.’

आठ सिलिंडर, ६.२ लिटरचं इंजिन आणि ४५५ हॉर्सपॉवर म्हटल्यावर काकांचा अंदाज साहजिक आहे. पण तो चुकतो. २०१४ साली आलेल्या सातव्या पिढीच्या कॉर्व्हेट स्टिंगरेचा मॅन्युअल गिअरचा सरकारी आकडा शहरात गॅलनला १७ मैल, हायवेवर २९ आणि एकत्रित २१ असा होता. आपल्या हिशेबात लिटरला अनुक्रमे सुमारे ७.२, १२.३ आणि ८.९ किलोमीटर. शहरातला आकडा काही मिरवण्यासारखा नाही. हायवेवरचा मात्र बऱ्याच एसयूव्हींना खाली मान घालायला लावणारा आहे.

‘मोठं इंजिन सतत मोठंच पितं’

गाडी ताशी १०० किलोमीटरने सपाट रस्त्यावर धावत ठेवायला जेमतेम वीसेक हॉर्सपॉवर पुरते. उरलेली ताकद तेव्हा नुसती हजर असते. पेट्रोल जळतं ते हवा कापायला, टायरच्या घर्षणावर मात करायला आणि इंजिनाचं स्वतःचं ओझं वाहायला. कॉर्व्हेट बुटकी आहे, हवेला कमी अडवते आणि तिचं वजन दीड टनाच्या आसपासच आहे. शिवाय वरचे गिअर कमालीचे लांब. आधीच्या पिढीतली सहा गिअरची कॉर्व्हेट शेवटच्या गिअरमध्ये ताशी ११० ला धावताना इंजिन जेमतेम १,५०० आरपीएमवर फिरायचं. सातव्या पिढीत सातवा गिअर आला, आणि मॅन्युअल गाडी इको मोडमध्ये टाकली की हलक्या पायाने चालवताना आठांपैकी चार सिलिंडर बंद राहतात.

शहरात यातलं काहीच उपयोगी पडत नाही. दीड टनाला पुन्हापुन्हा वेग द्यायचा आणि पुढच्या सिग्नलला तो वेग ब्रेकच्या उष्णतेत घालवायचा. सिग्नलला उभं असतानाही मोठं इंजिन चालूच राहतं. मोठ्या इंजिनाची किंमत मोजावी लागते ती इथे.

‘स्पोर्ट्स कार बनवणाऱ्यांना मायलेजशी काय देणंघेणं?’

माझ्या मते हा सगळ्यात मोठा गैरसमज. अमेरिकेत १९७८ च्या ऊर्जा-कर कायद्याने ‘गॅस गझलर टॅक्स’ आणला. एकत्रित आकडा गॅलनला २२.५ मैलांच्या खाली गेला की नव्या गाडीवर किमान १,००० डॉलरचा कर, आणि १२.५ च्याही खाली गेला तर ७,७०० डॉलर. वरचा २१ चा आकडा आठवून कोणी म्हणेल, मग स्टिंगरेवर हा कर लागलाच असणार. नाही लागला. शोरूममधल्या लेबलवरचा आकडा रोजच्या वापराशी जुळावा म्हणून कमी करून छापलेला असतो, कर मात्र प्रयोगशाळेतल्या मूळ आकड्यावर मोजतात, आणि तो बराच वरचा असतो.

त्या मूळ आकड्यासाठी अभियंत्यांनी काय काय केलं, ते बघण्यासारखं आहे. १९८९ पासून सातव्या पिढीपर्यंतच्या मॅन्युअल कॉर्व्हेटमध्ये एक अजब यंत्रणा आहे. इंजिन गरम असेल, वेग ताशी साधारण २४ ते ३१ किलोमीटर असेल आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका असेल, तर पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताच येत नाही. लिव्हर आपोआप चौथ्याकडे वळतो. नव्या मालकाला वाटतं गिअरबॉक्स बिघडला. खरं तर गाडी चाचणीत चांगले गुण मिळवण्याची सवय रस्त्यावरही पाळत असते. पाय थोडा जड ठेवला की दुसरा गिअर मिळतो. बरेच मालक त्याहून सोपा उपाय करतात. ही यंत्रणा निष्प्रभ करणारा छोटासा प्लग बाजारात मिळतो, तो विकत आणून बसवतात.

गंमत अशी, की हा कर फक्त मोटारींना लागू आहे. पिकअप, एसयूव्ही आणि मिनीव्हॅन त्यातून सुटल्या, कारण १९७८ साली असली वाहनं मुख्यतः कामधंद्यासाठी असत. त्यामुळे दोन माणसांच्या कूपेला तोलूनमापून बनवावं लागतं, आणि शेजारच्या दारात उभा असलेला तीन टनी ट्रक तितकंच किंवा जास्त पेट्रोल पिऊन करमुक्त राहतो.

‘छोटं टर्बो इंजिन नेहमीच काटकसरी’

टर्बो शांतपणे चालवला तर होय. पण ताकद मागितली, की जास्त हवेसोबत जास्त पेट्रोलही आत जातंच. निसान जीटी-आरचं इंजिन ३.८ लिटरचं, सहा सिलिंडरचं, जोडीला दोन टर्बो. तरी त्याच काळात तिचा सरकारी आकडा ६.२ लिटरच्या कॉर्व्हेटच्या खालीच होता. चारही चाकांना ताकद देणाऱ्या त्या गाडीचं वजन १,७०० किलोच्या वर आहे, हे विसरून चालत नाही.

‘अमेरिकेत ८७ ऑक्टेन, म्हणजे आपल्यापेक्षा हलकं पेट्रोल’

भारतात पेट्रोलचा सांगितला जाणारा आकडा हा रिसर्च ऑक्टेन क्रमांक असतो. अमेरिकेत तोच क्रमांक आणि दुसऱ्या, अधिक कडक चाचणीचा क्रमांक यांची सरासरी लिहितात. त्यामुळे तिथलं ८७ आपल्या मोजमापात ९१ च्या जवळपास येतं. कॉर्व्हेटसाठी कंपनी तिथल्या ९१ ची शिफारस करते, म्हणजे आपल्या मोजमापात ९५ च्या आसपासचं पेट्रोल. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. पेट्रोल वेळेआधी पेटू नये, याची ती क्षमता. ज्या इंजिनाला गरज नाही, त्यात महाग पेट्रोल ओतून काही हाती लागत नाही.

आणि आपल्या घाटांतून तिकडे नेलेली एक सवय, पेट्रोल वाचेल म्हणून उताराला न्यूट्रल करायची. गिअरमध्ये ठेवून पाय काढला, तर इंजेक्शनचं इंजिन पेट्रोल पूर्ण बंद करतं. न्यूट्रलमध्ये त्याला स्वतःला चालू ठेवायला पेट्रोल लागतं. वर इंजिन ब्रेकिंगही जातं.

‘पेट्रोलनेच माणूस बुडतो’

वर्षाला ५,००० मैल धरा आणि पेट्रोल गॅलनला चार डॉलर. कॉर्व्हेटला सुमारे ९५० डॉलर लागतील, गॅलनला ३२ मैल देणाऱ्या सेडानला ६२५. फरक सव्वातीनशे डॉलरचा. स्टिंगरेची मूळ किंमत ५२,००० डॉलरच्या आसपास होती. नव्या गाडीची किंमत वर्षात दहा टक्के जरी उतरली, तरी ५,००० डॉलरहून जास्त गेले. विकेपर्यंत हा खर्च कोणी मोजत नाही.

इंजिनाची देखभाल अपेक्षेपेक्षा सोपी असते. टायमिंग बेल्टऐवजी चेन, व्हॉल्व्ह जुळवायची कटकट नाही, आणि कंपनीच्या मोठ्या पिकअपमधल्या इंजिनाशी जवळचं नातं. क्लच मात्र रडवतो. १९९७ पासून गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आहे, त्यामुळे क्लच बदलायला गाडीचा मागचा बराच भाग खाली उतरवावा लागतो. पार्टपेक्षा मजुरीचं बिल जड होतं.

टायरचं गणित वेगळंच. पुढचे १८ इंची, मागचे १९ इंची आणि जास्त रुंद. आलटून-पालटून लावता येत नाहीत, त्यामुळे मागची जोडी आधी झिजते. स्टेपनी नाही, म्हणून टायर पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे, अर्थातच महाग. त्यातही ते उन्हाळी. थंडी शून्याकडे सरकली की रबर कडक होऊन पकड जाते. म्हणून उत्तरेकडच्या राज्यांत एक तर दुसरा संच घ्यायचा, नाही तर गाडी मार्चपर्यंत गॅरेजात ठेवायची आणि बॅटरीला चार्जर लावायचा. अशा कमी चाललेल्या गाडीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. जुनी कॉर्व्हेट घेणाऱ्याने ओडोमीटरइतकंच टायरच्या कडेवरच्या चार आकड्यांकडे बघावं. २३१६ असेल, तर तो टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे, आणि नव्या संचाचे पैसे सौद्यात धरायला हवेत.