परक्या राज्याचे न्यायालय आणि आपली पेढी

पेढी मुंबईत, ग्राहक अमेरिकेत. वर्षानुवर्षे माल जातो, पैसे येतात; आणि एके दिवशी तिकडील एखाद्या राज्याच्या न्यायालयाचे समन्स हाती पडते. ज्या राज्यात आपण कधी पाऊल ठेवले नाही, तेथील न्यायाधीशाचा आपल्यावर अधिकार कसा चालतो?

१८७८ मध्ये ‘पेनॉयर विरुद्ध नेफ’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या सत्तेला सीमेचे कुंपण घातले. परराज्यातील प्रतिवादीवर हद्दीत समन्स बजावले गेले किंवा तो स्वतः हजर झाला, तरच व्यक्तिगत हुकूमनामा करता येई. पुढे व्यापार वाढला आणि कुंपण अपुरे पडले. सेंट लुईसच्या ‘इंटरनॅशनल शू’ कंपनीचे वॉशिंग्टन राज्यात कार्यालय नव्हते. मात्र तिचे दहा-बारा विक्रेते तेथे नमुने दाखवून मागण्या घेत. १९४५ मध्ये न्यायालयाने ठरवले, की राज्याशी ‘किमान संबंध’ असेल आणि त्या संबंधातूनच वाद उद्भवला असेल, तर तेथे उत्तर देणे अन्यायाचे नाही.

म्हणजे कसोटी अंतराची नाही. व्यापाऱ्याने आपण होऊन त्या राज्याशी व्यवहार जोडला का, ही आहे. १९८५ च्या ‘बर्गर किंग’ खटल्यात मिशिगनच्या व्यावसायिकाला फ्लोरिडात उत्तर द्यावे लागले, कारण त्याने तेथील कंपनीशी वीस वर्षांचा करार केला होता. उलट २०११ मध्ये एका इंग्रज यंत्रनिर्मात्यावर न्यू जर्सीचा अधिकार चालला नाही. त्याच्या यंत्राने तेथील कामगाराच्या हाताला इजा झाली होती. पण यंत्र स्वतंत्र वितरकामार्फत विकले गेले होते आणि निर्मात्याने त्या राज्याकडे मुद्दाम रोख ठेवला नव्हता.

आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ नुसार, सक्षम न्यायालयाने आणि गुणदोषांवर न दिलेला परदेशी निवाडा येथे निर्णायक ठरत नाही. अमेरिकेतील हुकूमनाम्याची थेट बजावणीही येथे होत नाही. त्यासाठी नवा दावा लावावा लागतो. पण म्हणून समन्स बाजूला ठेवून स्वस्थ बसणे शहाणपणाचे नाही. तिकडे अडकलेली येणी आणि माल जप्तीच्या कक्षेत येऊ शकतात. तिकडच्या वकिलाकरवी अधिकारक्षेत्राची हरकत प्रथमच नोंदवावी. ती न घेता वादाच्या मुद्द्यांवर उत्तर दिले, तर हरकतीचा हक्क गमावला जातो.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र सौद्याच्या वेळचा आहे. भाव, मुदत आणि दर्जा लिहितो, तसेच वाद कोठे चालेल हेही करारात लिहावे. त्या एका ओळीकडे केलेले दुर्लक्ष पुढे सबंध नफ्याहून महाग पडू शकते.