घरच्या खेळपट्टीचा आक्षेप आणि महाराष्ट्राचे दप्तर

महाराष्ट्राचा रणजी संघ घरच्या अनुकूल खेळपट्टीवरच जिंकतो, हा आक्षेप घेणाऱ्यांनी जानेवारी २०२५ मधील नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावरील सामन्याचा धावफलक अवश्य पाहावा. कारण ज्या खेळपट्टीवर बडोद्याचे दोन डाव १४५ व १७७ धावांत आटोपले, त्याच खेळपट्टीवर आपण दुसऱ्या डावात ४६४ धावा करून ४३९ धावांनी जय मिळविला.

जुने दप्तर चाळले तर प्रा. दि. ब. देवधरांची साक्ष अधिक मोलाची ठरते. १९४०-४१ च्या हंगामात पुण्यात मुंबईच्या ६५० धावांविरुद्ध महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या, त्यांत पन्नाशीच्या उंबरठ्यावरील देवधरांच्या २४६ होत्या. घरच्या मैदानाचा लाभ तेथे झाला हे निर्विवाद, परंतु अंतिम सामना मद्रासला, यजमानांच्याच अंगणात, सहा गडी राखून जिंकला गेला, ही गोष्ट आक्षेपक सोयीस्करपणे विसरतात.

त्यानंतर मात्र अजिंक्यपद लाभलेले नाही. १९९२-९३ ची अंतिम लढत आपण पंजाबविरुद्ध लुधियान्यात गमावली. २०१३-१४ ची हैदराबादेत कर्नाटकाविरुद्ध, आणि ते मैदान तर दोघांनाही परकेच होते. तेव्हा उणीव खेळपट्टीची नसून अखेरच्या सामन्यातील कणखरपणाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.