सुवर्णगिरीच्या सोन्याची उत्पत्ति

मस्की येथील शिलालेख आमच्या वाचकांस परिचितच आहे. अशोकाचें प्रत्यक्ष नांव असलेला हा पहिलाच उपलब्ध लेख सन १९१५ मध्यें बीडन नांवाच्या खाणींच्या इंजिनियरास सोन्याचा शोध करीत असतां सांपडला. ब्रह्मगिरीच्या लेखांत मौर्य राजपुत्राचें ठाणें म्हणून जी सुवर्णगिरी येते, ती मस्कीजवळील कनकगिरी कीं कर्नूलकडील जोन्नगिरी, हा वाद जुना आहे. नामसादृश्यावर आपण पुष्कळ लिहिलें. परंतु त्या भूमींत सोनें आलें कसें, हें पाहिल्यावांचून असल्या वादांत खाणींचा पुरावा पुढें करणें आम्हांस धोक्याचें वाटतें.

मस्की व हट्टी हीं दोन्हीं गांवें एकाच खडकपट्ट्यांत येतात. हा खडक मूळचा सह्याद्रीच्या काळ्या दगडासारखा ज्वालामुखीचा रस. पण सह्याद्रीचा दगड अवघा ६.६ कोटी वर्षांचा व कधीं खोल गाडला न गेलेला, तर हट्टीचा २५० कोटी वर्षांहून जुना आणि भूकवचाच्या उलथापालथींत कित्येक मैल खालीं दडपला गेलेला. तेथें सुमारें ५०० अंश उष्णतेनें जुनीं खनिजें मोडून नवीं घडूं लागलीं, आणि त्यांच्या घडणींत अडकलेलें पाणी, कर्बवायु व गंधक हीं बाहेर पडलीं. साध्या खडकांतही सोनें असतें. मात्र टनामागें ग्रॅमचे कांहीं सहस्रांश. गंधकाशीं संयोग पावून तें त्या तप्त पाण्यांत विरघळलें व भेगांच्या वाटेनें वर चढलें. वाटेंतील खडकांतल्या लोहानें गंधक ओढून घेतला, त्याचें माक्षिक झालें. सोबती गेल्यावर सोन्यास विद्रुत राहतां येईना, तें तेथेंच बसलें. पाण्यांतील सिलिकेनें त्याच भेगा गारगोटीच्या शिरांनीं भरल्या. टनामागें कांहीं ग्रॅम, म्हणजे मूळच्या सहस्रपट, सोनें या शिरांत व त्यांच्या कडेस मिळतें तें यामुळेंच.

कौटिल्य सोन्याचे जातरूप, रसविद्ध व आकरोद्गत असे भेद सांगतो, आणि डोंगरांच्या गुहांतून झिरपणाऱ्या काञ्चनिक रसांचेंही वर्णन करतो. हाच तो तप्त रस, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. सोनें वाहून आणणारें पाणी मनुष्याच्या दृष्टीस पडणें शक्यच नव्हतें.

प्राचीनांची शिरा ओळखण्याची दृष्टि मात्र तीक्ष्ण होती. हट्टीस जुनें खोदकाम ६४० फुटांपर्यंत गेलेलें आढळलें. त्यांतील लांकूड कर्ब-परीक्षेनें सुमारें २,००० वर्षांचें ठरलें, म्हणजे अशोकाहून कांहींसें अलीकडचें. जोन्नगिरीचा खडकही त्याच जातीचा व सुवर्णयुक्त आहे, आणि अशोकाचे एर्रगुडीचे लेख त्याच्या जवळच आहेत.