व्यवस्थापनाची शाळा : तोरणमाळचा डोंगर

ज्या घरातील एखादा मुलगा अगर मुलगी वाणिज्य किंवा व्यवस्थापन या शास्त्राचा अभ्यास करीत नाही, असे सुशिक्षित घर आज विरळाच सापडेल. या विद्येची परिभाषा बहुतांशी परकी आणि तिच्यातील उदाहरणेही बहुधा अमेरिकेतील वा जपानातील कारखान्यांची. त्यामुळे विद्यार्थ्यांची अशी समजूत होऊन बसते की, व्यवस्थापन म्हणजे मोठ्या पेढ्यांच्या काचमहालांत चालणारा व्यवहार. वास्तविक भांडवल, वेळ, माल आणि माणसे यांचा मेळ जेथे घालावा लागतो, तेथे ते शास्त्र हजर असतेच. ते मुळातून समजून घेण्यास नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळसारखे दुसरे ठिकाण शोधावे लागणार नाही.

शहाद्याहून उत्तरेस सातपुड्याचा घाट चढून गेले म्हणजे साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीवरील हे पठार लागते. यशवंत तलाव, सीताखाई आणि गोरखनाथाचे देवस्थान यांमुळे त्याची ख्याती आहे. महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. प्रवासी थंड हवा घेऊन परततात. परंतु या अक्राणी मुलुखात राहणाऱ्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांचा उन्हाळा कसा जातो, हे पाहणाऱ्यास अर्थशास्त्राचा एक ग्रंथच उघडलेला दिसेल.

फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले पहाटे वेचावयाची. पुढे झाडावरील कच्चे आंबे उतरवून, सोलून, कोय काढून त्यांच्या फोडी उन्हात वाळवावयाच्या. हाच आमचूर. आपल्या स्वयंपाकघरात आमसुलाला जो मान आहे तो त्याला नसेल. पण आंबोशी घालणाऱ्या गृहिणींना ही रीत नवी नाही.

आता यातील पहिला धडा पाहा. कैरीच्या शंभर किलो फोडींत ऐंशी किलोंहून अधिक पाणीच असते. ते पाणी गाडीभाडे देऊन घाटाखाली नेण्यात शहाणपण नाही. ते डोंगरावरच उडवून द्यावे आणि उरलेला हलका, टिकाऊ व मोलाचा माल खाली न्यावा. ज्या मालाचे वजन प्रक्रियेत घटते, त्याचा कारखाना कच्च्या मालाजवळच असावा, हा सिद्धांत आल्फ्रेड वेबर या जर्मन पंडिताने १९०९ साली ग्रंथरूपाने मांडला. डोंगरावरील माणूस तो व्यवहाराने जाणतो. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगर येथे साखर कारखाना उभा राहिला, त्याच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे. उसाच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा साखर होते.

दुसरा धडा प्रतीचा. पांढरा, स्वच्छ आमचूर चांगला भाव घेतो. काळवंडलेला पडून राहतो. साध्या लोखंडी सुरीने चिरलेली फोड काळी पडते, न गंजणाऱ्या पोलादाच्या सुरीने तितकी पडत नाही. जमिनीऐवजी स्वच्छ कापडावर वाळवलेली फोड मातीपासून वाचते. वळवाची एक सर आली की साऱ्या श्रमांचे मातेरे होते. म्हणजे एक सुरी, एक कापड आणि एक ताडपत्री एवढ्या अल्प भांडवलावर मालाची प्रत पालटते. मोठे यंत्र घेण्यापूर्वी लहान खर्चाने काय साधते ते पाहावे, ही शिकवण कोणत्याही व्यवस्थापकाने गाठीस बांधावी.

तिसरा धडा सर्वांत कठोर आहे. खरिपाच्या पेरणीपूर्वी बियाणे हवे, घरात धान्य हवे. अशा वेळी माल हाती येण्याआधीच व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते. समजा, एका कुटुंबाने तीन हजार रुपये उचल घेतली. व्याज नाही, असे त्यास सांगण्यात आले. दोन महिन्यांनी दोनशे किलो माल घालताना बाजारभावापेक्षा किलोमागे वीस रुपये कमी मिळाले. हिशेब केला तर चार हजार रुपये गेले! तीन हजारांच्या कर्जावर दोन महिन्यांचे हे व्याज. ते वहीत कोठेच दिसत नाही, कारण ते भावात दडलेले असते. शहरातील सुशिक्षित गृहस्थही ‘बिनव्याजी हप्त्यां’च्या मोहाने रोख सवलत गमावतो, तेव्हा तो याच सापळ्यात पाय घालतो, भेद इतकाच की, त्याच्या घरची चूल त्यामुळे विझत नाही. डोंगरावरील कुटुंबाला मात्र पावसाळा सरताच कामासाठी गाव सोडावे लागते.

यावर उपाय काय? एकट्याचे दुबळे खेळते भांडवल अनेकांनी मिळून सबळ करणे. वनहक्क कायद्याने २००६ साली गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना दिला. आदिवासी विकास महामंडळ १९७२ पासून राज्यात काम करीत आहे. २०१८ साली निघालेल्या वनधन योजनेत वीस-वीस जणांचे पंधरा बचत गट मिळून तीनशे सभासदांचे एक केंद्र कल्पिले आहे. परंतु योजना म्हणजे केवळ चौकट. तिच्यात प्राण ओतते ती सभासदांची शिस्त आणि चोख हिशेब.

सामाईक मालमत्ता नीट राखता येते काय, या प्रश्नावर एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने १९९० साली ग्रंथ लिहिला व २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वापरणाऱ्यांनीच नियम करावेत, त्यांनीच देखरेख ठेवावी आणि दंड चुकीच्या प्रमाणात असावा, हे त्यांचे सार. शेजारच्या धुळे जिल्ह्यात बारीपाडा गावाने आपले जंगल याच रीतीने राखले. त्या कार्याचे प्रणेते चैतराम पवार यांस २०२५ साली पद्मश्री लाभली.

विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. येत्या सुटीत कोणत्याही एका वस्तूचा, मग ती आमचूर असो वा कोकम, झाडापासून आपल्या डब्यापर्यंतचा प्रवास वहीत मांडावा. प्रत्येक टप्प्यावर तीन प्रश्न विचारावेत : वजन किती घटले, मोल किती वाढले आणि वाढलेले मोल कोणाच्या पदरी पडले? किर्लोस्करवाडीहून १९२० साली निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ने धंदा हा घरोघरी बोलण्याचा विषय केला. ती चर्चा आज आपल्या माजघरांत पुन्हा सुरू व्हावी. आजोबांनी व्याज मांडून दाखवावे, आजीने वाळवणाची युक्ती सांगावी आणि नातवंडांनी त्यास शास्त्राची नावे द्यावीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करील, त्याच्या हाती उद्याचा एखादा व्यवसाय निःशंकपणे सोपवावा.