वही, वाट आणि वाटाड्या

निसर्गलेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) वनशास्त्र शिकले कोइमतूरला. पण नवेगावबांधच्या तळ्याकाठी माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांबरोबर आणि आदिवासींबरोबर हिंडून मिळालेलं ज्ञान त्यांच्या लेखनात ठायी ठायी दिसतं. निसर्गावर लिहायला निघालेल्याला वाटाड्या हवा तो अशा जाणत्यांसारखा.

त्यासाठी जंगलच गाठायला हवं असं नाही; शहरातल्यांना टेकडीही पुरते. पुण्याच्या वेताळ टेकडीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये जावं. पावसाळ्यात सगळंच हिरवंगार, आणि लेखणी विशेषणांवर घसरते! उन्हाळ्याच्या तोंडावर मात्र एकेक झाड वेगळं ओळखू येतं. फिकट गुलाबी फुलांनी लगडलेली, पानं झडलेली गिरिपुष्पाची झाडं पाहून नवखा लेखक हमखास हरखतो. सोबतचा जाणकार सांगतो, की हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, इथे मुद्दाम लावलेलं. मग परिच्छेद बदलतो. फुलांबरोबर वृक्षारोपणाचा इतिहासही त्यात येतो.

वहीत तारीख, वेळ, वारा आणि जागा आधी टिपावी. नाव ठाऊक नसेल तर पानांची मांडणी, सालीचा पोत, चुरगळल्यावर येणारा वास लिहावा. फोटोत वास येत नाही. पक्ष्याचं नाव विचारण्याआधी तो काय करतोय, ते दोन ओळींत उतरवावं. अशा भटकंतीला गट सहा-सात जणांचाच बरा. मोठ्या घोळक्यात गप्पाच जास्त होतात.