सायकलचे पाच बोल्ट

पायडल दाबले की सायकलचे चाक फिरते. हे इतके सहज घडते की, पायाची शक्ती कोणत्या वाटेने चाकापर्यंत पोहोचते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. पायडल ज्या दांड्याला बसविलेले असते, त्यास क्रँक म्हणतात. उजव्या क्रँकबरोबर एक दातेरी चक्र फिरते व त्याच्या दातांवरून साखळी मागील चाकाकडे जाते. साध्या सायकलीत हे चक्र बहुधा क्रँकला कायमचेच जोडलेले असते. गिअरच्या पुष्कळ सायकलींत मात्र क्रँकच्या मुळाशी चार किंवा पाच फाटे असतात आणि प्रत्येक फाट्याला चक्र एकेका आखूड बोल्टाने आवळलेले असते.

या लहानशा बोल्टांवर भार मात्र मोठा पडतो. क्रँकची लांबी सुमारे १७० मिलिमीटर आणि मध्यापासून बोल्टाचे अंतर ५५ मिलिमीटर असेल, तर तरफेच्या नियमाप्रमाणे बोल्टांपाशी जोर तिपटीहून अधिक होतो. ४० किलो वजनाची मुलगी चढावर पायडलवर उभी राहिली, तर पाच बोल्टांना मिळून सुमारे १२० किलो वजनाइतका जोर सोसावा लागतो. शिवाय प्रत्येक फेऱ्यात हा जोर दोनदा वाढतो व दोनदा ओसरतो. मिनिटाला ६० फेरे धरले, तर तासाभरात असे ७,२०० हिसके बसतात!

इतके हिसके बोल्ट कसे सोसतात? ते चक्र आणि फाटे यांना एकमेकांवर घट्ट दाबून धरतात. त्यांच्यातील घर्षणामुळे चक्र सरकत नाही. बोल्ट सैल झाला की हे घर्षण कमी होते, चक्र किंचित हलू लागते आणि बोल्ट भोकात घासून झिजतो. पायडल दाबताना करकर असा आवाज येतो. बोल्ट गळून पडला, तर त्याचा भार उरलेल्यांवर येतो. पुढे चक्र वाकते, साखळी उतरते आणि चढावर पायाखालचा आधार एकाएकी सुटून स्वार पडण्याचा धोका असतो.

म्हणून आटे झिजलेला अथवा डोके बिघडलेला बोल्ट वेळीच बदलावा. प्रथम साखळी मोठ्या चक्रावर घ्यावी, म्हणजे हात निसटला तरी दातांनी बोटे कापत नाहीत. बोल्टाच्या डोक्यातील षट्कोनी खाचेत बहुधा ५ मिलिमीटरची ॲलन की बसते. मागील नळीसारखा नट बोल्टाबरोबर फिरू लागतो, यास्तव त्याच्या खाचेत पाना धरून ठेवावा. एक बोल्ट बदलल्यावरच दुसरा काढावा. त्यामुळे चक्र जागचे हलत नाही. नवा बोल्ट जुन्याइतक्याच लांबीचा असावा. तो अधिक लांब असल्यास घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण चक्र आवळले जात नाही. आट्यांना थोडे ग्रीस लावावे. सर्व बोल्ट आधी हलकेच फिरवून बसवावेत आणि मग एकाआड एक असे क्रमाक्रमाने आवळावेत, म्हणजे चक्र सरळ बसते. वाजवीपेक्षा अधिक जोर केल्यास ॲल्युमिनियमचे बोल्ट तुटतात. खाच गुळगुळीत होऊन बोल्ट अडकलाच, तर ते काम कारागिराकडे सोपवावे.

थोडे दिवस सायकल चालविल्यावर बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत. त्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. परंतु चढावर पायडलवर उभे राहणाऱ्याचा सारा भरवसा याच पाच बोल्टांवर असतो.